गल्लीत हर्निया म्हणून सांगितलं होतं

आजारपणाचं एक बरं असतं. माणूस नुसता खाटेवर पडून राहिला तरी त्याच्याकडं किस्से जमा होत राहतात. भेटायला येणारा एक देऊन जातो, नर्स एक देऊन जाते, शेजारच्या खाटेवरचा तर पोत्यानं देतो! ऑपरेशनचे टाके आतल्या आत विरघळतात म्हणे. किस्से काही विरघळत नाहीत. माझ्याकडं जरा जास्तच साठलेत, कारण आम्ही तिघं होतो.

आता दोघं आहोत. म्हणून तिसऱ्याच्या वाटणीचेही मलाच सांगावे लागतात.

मी शंकर, बेळगावातल्या वडगावचा. घराच्या मागच्या खोलीत दोन पॉवरलूम, साड्या विणायच्या, वडिलांपासूनचा धंदा. दुसरा भरमाण्णा, नंदगडच्या अलीकडच्या एका खेड्यातला, भातशेती करणारा. तिसरा दत्तोबा अण्णा, निपाणीचा, जन्मभर बस चालवून रिटायर झालेला ड्रायव्हर. तिघांचीही साठी उलटलेली, तिघांनाही प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तिघांचंही ऑपरेशन बेळगावातल्या एकाच हॉस्पिटलात, एकाच आठवड्यात. बाळंतपणाला गेलेल्या बायका शेजारच्या खाटेवरची मैत्रीण जन्मभर धरून ठेवतात ना, तसं आमचं झालं.

* * *

रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी मी आणि माझी बायको कमळ, दोघंच होतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ती मान हलवत राहिली. रिक्षात ती रिपोर्ट पदराखाली धरून बसली होती. मला वाटलं, आता घरी गेल्यावर रडणार. गल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षा वळली तशी ती हळूच म्हणाली, "अहो, गल्लीत काय सांगायचं?"

"काय म्हणजे? आजार सांगायचा."

"आजार सांगितला की लोक जागा विचारतात. जागा कुठली सांगू?"

मग दोघांनी मिळून ठरवलं, हर्निया! जागा जवळपासचीच आणि ऐकणाऱ्याला लाजायचं कारण नाही.

ऑपरेशन झालं, लघवीची नळी आणि पिशवी तशीच लावून मला घरी सोडलं. आमच्या शेजारच्या बसाप्पाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं. खरोखरचं! तो दुसऱ्याच दिवशी आला, खाटेवर टेकला आणि शर्ट वर करून म्हणाला, "हे बघ माझं. आता तुझं दाखव."

मी चादर गळ्यापर्यंत ओढली. चादरीखाली पिशवी होती, पिशवीत तांबूस पाणी होतं.

"दाखव की! आपल्यात कसली लाज रं?"

तेवढ्यात कमळ चहा घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "ह्यांचं आतल्या बाजूनं केलंय, अण्णा. नवीन पद्धत हाय."

बसाप्पानं चहा प्यायला नाही. तडक उठला आणि आपल्या डॉक्टरकडं भांडायला गेला. "मला का आतल्या बाजूनं केलं न्हाईसा?"

कमळ दार लावून आत आली. मी हसत होतो. ती हसत नव्हती. दाराला टेकून खाली बसली आणि रिक्षात राहून गेलेलं रडणं तिनं तेव्हा रडून घेतलं.

* * *

आता जरा मागं, हॉस्पिटलात जाऊ. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो, तर शेजारच्या खाटेवर भरमाण्णा. त्याचं माझ्या आदल्या दिवशी झालेलं. माझी नजर खाली लोंबणाऱ्या पिशवीवर गेली. सगळं तांबडं! विणकाराला रंगाची भीती नसते. पण हा रंग माझ्या आतनं येत होता.

भरमाण्णानं माझ्याकडं बघितलं. ओळख ना पाळख, म्हणाला, "भिऊ नको रं. नवी विहीर खांदली की पयल्यांदा असंच गढूळ येतंय. उपसत राह्यचं. निवळतंय."

मी त्याचं ऐकून तांब्यानं पाणी प्यायला लागलो. दुसऱ्या दिवशी माझं खरंच निवळलं. त्याचं मात्र तसंच तांबडं होतं. सकाळी डॉक्टर राउंडला आले, "ह्यांग अदीरी, अज्जा?" कसं काय आजोबा, म्हणून त्यांनी कानडीत विचारलं. तो "आराम अदीन्री", बरा आहे, म्हणाला खरा, पण डॉक्टर पुढं गेल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपला.

मी त्याचंच त्याला परत दिलं. म्हटलं, "भरमाण्णा, नवी विहीर हाय. निवळंल की!"

तो भिंतीकडंच बघत म्हणाला, "नवी कुठली रं. जुनी हाय. मनात येईल तवा आटंल."

* * *

दत्तोबा अण्णाला वॉर्डात आणलं तेव्हापासून वॉर्डाचं बसस्टँड झालं. माणूस मोठ्या आवाजाचा. बस चालवताना मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून कमावलेला आवाज तो!

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्हाला उठून चालायला सांगितलं. चालायचं म्हणजे एका हातानं पोट धरायचं आणि दुसऱ्या हातात आपापली पिशवी. भरमाण्णानं ती टॉवेलखाली झाकली. मी पाठीमागं धरली. दत्तोबानं नळीला एक नाडी बांधून पिशवी सरळ खांद्याला अडकवली आणि वॉर्डाच्या मधोमध उभा राहिला.

"जन्मभर स्टेअरिंग धरलं. कंडक्टरची पिशवी कवा गळ्यात पडली न्हवती. पडली बघा आता! चला, कुणाचं ऱ्हायलंय तिकीट? बोला निपाणी, निपाणी!"

अख्खा वॉर्ड हसला. हसलं की टाक्यात कळ जायची, त्यामुळं सगळे पोट धरून हसत होते आणि कण्हतही होते. नर्स धावत आली. पिशवी कंबरेच्या खालीच पाहिजे, वर उचलली की उलटं आत जातं, म्हणून तिनं त्याला दरडावलं. दत्तोबानं गुपचूप पिशवी खाली घेतली.

त्याच दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. शांता वैनी. बारीक चणीची बाई, निपाणीत विड्या वळून संसाराला हातभार लावलेली. ती दारात दिसताच दत्तोबानं पिशवी खाटेखाली सरकवली, चादर ओढली आणि डोळे मिटले. वैनी स्टुलावर बसून राहिल्या. डबा मांडीवर.

"झोपलेत जनू," त्या आम्हाला म्हणाल्या.

आम्ही दोघांनी माना हलवल्या. काय सांगणार!

* * *

नळी निघाली की सगळं मिटलं, असं आम्हाला वाटलं होतं. नळी निघाली आणि खरं तिथून सुरू झालं. उठलं की गळायचं, बसलं की गळायचं. खोकला, शिंक, हसू, काही चालायचं नाही.

हॉस्पिटलात एक मुलगी व्यायाम शिकवायला होती. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. ती बिचारी समोर बसलेल्या आम्हा तीन म्हाताऱ्यांना न लाजता सांगत होती, "काका, लघवी मधेच थांबवतो ना, तसं आतून आवळायचं. धरायचं. मग हळूच सोडायचं."

भरमाण्णा छताकडं बघत होता. मी पायांकडं. दत्तोबा म्हणाला, "म्हंजे ब्रेक!"

"हो काका, ब्रेकच."

"मग पोरी, जरा कंपनीला कळीव. ह्या गाडीचं ब्रेक ऑइल गळालंय!"

तेव्हापासून आमच्या फोनची सुरुवात ठरून गेली. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "ब्रेक कसा हाय?" भरमाण्णा शेतातनं सांगायचा, "आज बांधावरनं उडी मारली. लागला!" दत्तोबा सांगायचा, "देवळाच्या पायरीवर फेल गेला." आम्ही हसायचो, आणि हसल्यामुळं फोन ठेवला की तिघांनाही कपडे बदलावे लागायचे!

माझं एक वेगळंच होतं. माग चालू असला की खोलीतली फरशीसुद्धा हादरते. तिथं उभं राहिलं की माझं काही थांबायचं नाही. कमळ मला बघितलं की माग बंद करायची. त्या खोलीत मी जन्मभर काढलेला, आणि माझ्या पायगुणानं ती गप्प व्हायला लागली. मी दारातूनच मागं फिरायला लागलो. कमळ एकटीच दोन्ही माग बघायची.

हे मी दत्तोबाला सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला नाही.

"उभ्या गाडीला ब्रेक कशाला पायजे रं?" तो म्हणाला. "गाडी चालू असतानाच शिकायचा असतोय त्यो. जा, मागाजवळ उभा ऱ्हा."

मी गेलो. कमळला म्हटलं, "बंद करू नकोस." सुताचा धोटा इकडून तिकडं धावत होता, फरशी हादरत होती, आणि पायजमा भिजून पायाला चिकटला. कमळनं बघितलं. माग बंद केला नाही.

* * *

माझे कपडे, आत घडी करून लावायची फडकी, सगळं मी चोरून धुवायचो. मोरीत नळ मोठा सोडायचा, आवाज झाकायला. वाळत कुठं घालायचे? मागच्या खोलीत, सुताच्या पोत्यांमागं. तिथं ऊन नाही, वारा नाही. कुबट वास सुटला. मला वाटायचं, हा वास माझाच आहे, आणि तो आता जाणार नाही. मी वेगळ्या खोलीत झोपायला लागलो. जेवायला भिंतीकडच्या टोकाला बसायला लागलो.

एके दिवशी बाहेरून आलो आणि गल्लीतून वर बघितलं. आमच्या गच्चीवर, तारेवर, भर उन्हात, माझी सगळी फडकी ओळीनं वाळत होती! कमळच्या साड्यांच्या शेजारी.

मी धापा टाकत वर गेलो. "काढ आधी! लोक बघतील."

कमळ चिमटे लावत होती. लावत राहिली.

"तिन्ही पोरांची दुपटी ह्याच तारेवर वाळवली," ती म्हणाली. "तवा कुणी वर बघून हसलं?"

"ती पोरं होती."

"आणि तुम्ही कोण? पाव्हणे?"

त्या रात्रीपासून माझं अंथरूण तिनं परत होतं तिथं टाकलं. बाकी पूर्वीसारखं काही राहिलेलं नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यावर आम्ही बोललो नाही. अजून नाही.

* * *

बाहेर जाताना लावायला मोठ्या माणसांचे डायपर मिळतात. वडगावात सगळे ओळखीचे, म्हणून मी ते आणायला शहापुरात गेलो, अनोळखी मेडिकलमध्ये. तरी काउंटरवर मी नुसतं फळीवरच्या पुडक्याकडं बोट दाखवलं. मेडिकलवाला भला माणूस. म्हणाला, "घरात कुणासाठी पाहिजेत काय, काका? आईसाठी?"

मी म्हटलं, "व्हय. आईसाठी."

माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झालीत.

"कंबर किती असंल आजींची?"

"माझ्याएवढीच हाय."

त्यानं पुडकं बांधून दिलं. देताना जरा थांबला आणि म्हणाला, "एक सांगू? त्यांच्यावर चिडू नका. म्हातारी माणसं मुद्दाम करत न्हाईत हो. त्यांनाच जास्त वाईट वाटत असतंय."

मी मान हलवली. बाहेर येऊन सायकल कुठं लावलीय तेच मला आठवेना.

पुढं दर खेपेला तो विचारायचा. आई कशी आहे, जेवते का, पाठीला जखमा झाल्या नाहीत ना. पावडर कुठली लावायची ते सांगायचा. मीही सांगायचो, "आता जरा बरी हाय," "आता दिवसाचं थांबलंय तिचं." आणि खरंच, व्यायामानं म्हणा, दिवसांनी म्हणा, हळूहळू माझं थांबलं. मी त्या दुकानात जायचा बंद झालो.

मग एकदा खडेबाजारात तोच समोर आला. लांबूनच हात केला. "काका, दिसला न्हाईत! आजी कशा आहेत?"

आता काय सांगणार? आता लागत नाहीत म्हणून सांगावं, तर का लागत नाहीत? माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गेली."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "सुटल्या बघा. लई केलंसा तुम्ही त्यांचं."

आणि भर खडेबाजारात, साड्यांच्या दुकानासमोर, मी लहान पोरासारखा रडलो. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. तो मला थोपटत होता. कुणासाठी रडतोय ते त्याला माहीत नव्हतं. मलाही सांगता आलं नसतं.

* * *

एका तपासणीला आम्ही तिघंही आपापल्या बायकांना घेऊन गेलो होतो. भरमाण्णाची पाळी आली तेव्हा दार अर्धवट उघडंच होतं, त्यामुळं आम्ही बाहेरून सगळं ऐकलं. त्याची बायको गंगाक्का, उंच, काटक, शेतातून सरळ आल्यासारखी, आत त्याच्या शेजारी बसली होती.

डॉक्टर म्हणाले, "आक्का, तुम्ही जरा बाहेर बसता काय? ह्यांच्याशी थोडं खासगी बोलायचंय."

गंगाक्का हलली नाही. "नवरा-बायकोचंच बोलायचं असंल न्हवं?"

डॉक्टर जरा घुटमळले. "हां... तसंच."

"मग अर्धं माझंबी हाय की ते. बोला!"

डॉक्टरांनी खालच्या आवाजात सांगितलं. काय सांगितलं असणार ते आम्हाला ठाऊक होतं, कारण तेच आम्हालाही सांगितलं होतं. नस वाचवता आली नव्हती. आता ते पहिल्यासारखं होण्याची आशा कमी. गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, विचार करून सांगा.

मग गंगाक्काचा आवाज आला. "डॉक्टरसाब, माणूस जिता ऱ्हातोय न्हवं? सकाळी उठून माझ्याबरं भांडतोय न्हवं? बाकीचं आमचं आमी बघून घेतो."

भरमाण्णा बाहेर आला तो खाली मान घालून. दत्तोबानं काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यानं शांता वैनींकडं बघितलं. त्या हातातल्या पिशवीचा बंद सारखा करत होत्या. मग आत त्यांची पाळी आली तेव्हा दत्तोबा म्हणाला, "तू बस हितंच. मी येतो जाऊन."

* * *

ऑपरेशननंतर ठरलेल्या दिवसांनी रक्त तपासतात, कॅन्सर उरलाय का ते सांगणारा एक आकडा त्यात असतो. तो आकडा नसल्यासारखा यायला पाहिजे. ज्याचा कमी तो जिंकला, असला हा खेळ. त्या खेपेला आम्ही तिघंच आलो होतो. माझा कमी आला. भरमाण्णाचाही. दत्तोबा डॉक्टरांकडून बाहेर आला तो हसतच.

"शाळेत कवा मार्क पडले न्हाईत. हितं पडले, तर डॉक्टरचं तोंड उतरलं!"

आम्ही हसलो. मग हसू थांबलं.

नेहमीप्रमाणं समोरच्या हॉटेलात चहा मागवला. दत्तोबानं कपाला हात लावला नाही. रस्त्याकडं बघत होता. मग एकदम उठला. "जातो बाबा मी. गाडी चुकंल."

आम्ही काही म्हणायच्या आत रस्ता ओलांडून गेलासुद्धा. त्याच्या कपावर साय धरली.

भरमाण्णानं तो कप आपल्याकडं ओढला. मग म्हणाला, "शंकर, निपाणीला तर घटकेघटकेला गाडी हाय की रं. ह्याला म्हायती न्हाई व्हय?"

* * *

पुढं दत्तोबाला रेडिएशनचे शेक दिले, इंजेक्शनं दिली. फोनवर मात्र त्याचं "ब्रेक कसा हाय?" चालूच. त्याचं स्वतःचं विचारलं की "टकाटक!" कंबर दुखते म्हणून एकदा बोलला, तेही ड्रायव्हरच्या सीटवर खापर फोडून.

बरेच दिवस गाठ नाही म्हणून मी आणि भरमाण्णा बसनं निपाणीला गेलो. दत्तोबा पडवीत खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, फुल पँट, केस विंचरलेले. शर्ट मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी घातल्यासारखा ढगळ. तासभर बसलो. गप्पा, चहा, हशा. आम्ही निघालो तरी तो उठला नाही. "उठत न्हाई रं, पाय आखडलाय," म्हणाला. खुर्चीचा हात त्यानं इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

शांता वैनी रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "महिना झाला, खाट सोडली न्हाई त्यांनी. तुम्ही येणार म्हणून सकाळीच शेजारच्या दोघांनी धरून बसवलंय."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं शेजारी बसलो. दोन्ही बाजूला ऊस, मग पुन्हा ऊस. संकेश्वर मागं पडल्यावर भरमाण्णा खिडकीकडं बघत म्हणाला, "माझा रिपोर्ट चांगला आला, ह्याची मला लाज वाटालीय रं."

* * *

दत्तोबा गेल्याचा फोन आला तेव्हा अंत्यविधी उरकला होता. आम्ही दिवसकार्याला गेलो. घर माणसांनी भरलेलं. सतरंजीवर भावकीतली मंडळी, त्याच्याबरोबरचे चार-दोन ड्रायव्हर. शांता वैनी भिंतीला टेकून बसलेल्या. पदराचं टोक त्यांच्या बोटांत विडीसारखं वळलं जात होतं, उलगडलं जात होतं. आतल्या खोलीच्या दारातून एक खाट दिसत होती. खाटेवर दत्तोबाची आई, नव्वदी ओलांडलेली, मुटकुळं करून पडलेली. "पोरगा गेल्यापास्नं म्हातारी बोलली न्हाई," कुणीतरी कानात सांगितलं. "चमच्यानं पाणी घालाय लागतंय."

मग वैनी म्हणाल्या, "भरमाण्णा, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार की गं, आक्का."

"तुमचा फोन आला की ते पडवीत जाऊन बसायचे. मोठमोठ्यानं हसायचे. फोन ठेवून घरात आले की गप्प. ऑपरेशन झाल्यापास्नं माझ्याकडं बघून हसलेलं मला आठवत न्हाई. काय बोलत हुता म्हणून विचारलं की म्हणायचे, पाऊसपाण्याचं." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "काय बोलत हुता तुम्ही?"

सगळी माणसं आमच्याकडं बघायला लागली. भरमाण्णानं माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीकडं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आक्का, मुताचं बोलत हुतो."

कुणीतरी खोकललं.

"काय?"

"मुताचं. कुणाचं किती गळालंय, कुणाचं थांबलं, कुणी कुठं धोतार भिजवलं. तेच. दुसरं कायबी न्हाई."

वैनींनी पदर तोंडावर घेतला. त्यांचे खांदे हलायला लागले. दोघीतिघी बायका धरायला सरकल्या. वैनींनी पदर काढला, तर त्या हसत होत्या. डोळ्यातनं पाणी, आणि हसत होत्या.

"एवढंच?"

"एवढंच गं."

"आतनं कडी लावून धुवायचे कपडे," त्या म्हणाल्या. "मला हात लावू द्यायचे न्हाईत. जवळ बसू द्यायचे न्हाईत. मला वाटलं, माझाच वीट आलाय त्यांना. आणि एवढंच?"

भरमाण्णा टोपी हातात फिरवत राहिला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. म्हातारी खाटेवर उठून बसली होती.

"ल्हानपणीबी लई दिस हातरूण वलं करायचा त्यो," ती म्हणाली. "साळंत जाया लागला तरी. फाटंला त्यो उठायच्या आदी मी बदलून टाकायची. कुणाला म्हणून कळू दिलं न्हाई मी."